राणीछाप रुपयाची खोटी साक्ष

मी राणीछाप रुपया बोलतोय. हो, चांदीचाच, अगदी अस्सल. विश्वास नसेल तर फरशीवर टाकून बघा, असा खणखणीत वाजेन की शेजारचं पोर झोपेतून उठेल. एका अंगावर राणीचं तोंड, दुसऱ्या अंगावर १८९२ साल. इतकं वय झालं तरी दोन्ही अजून स्वच्छ दिसतात, आणि हा माझा पहिला गर्व.

दुसरा गर्व त्याहून मोठा होता. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडला की खाडीच्या काठाला आमची वाडी लागते. त्या वाडीत गेली साठ वर्षं माझं तोंड बघितल्याशिवाय कुणी मुळे खात नव्हतं. मुळे म्हणजे खाडीतले शिंपले. मुंबईकर त्यांना सरसकट तिसऱ्या म्हणून मोकळे होतात. टोपात मुळे उकळायला लागले की मला त्यात टाकायचं, शिंपल्यांची तोंडं उघडली की डावानं बाहेर काढून केळीच्या पानावर ठेवायचं. मी उजळ निघालो तर मुळे चांगले. काळा पडलो तर सगळा टोप उपडा करायचा. वाडीतले न्यायनिवाडे पाच माणसं बसून करायची, पण मुळ्यांचा निवाडा एकटा मी करत असे. एवढ्या मोठेपणानं माणसाचं डोकं फिरतं, तर रुपयाचं का फिरू नये?

जन्म मुंबईच्या टांकसाळीतला. त्याचं फारसं आठवत नाही. खूप गरम होतं आणि माझ्यासारखे असंख्य भाऊ खणाखण खाली पडत होते, एवढंच. भाऊ सगळे पांगले. मी फिरत फिरत एका तांडेलाच्या कनवटीला आलो. त्यानं मला गलबतावरून बरीच बंदरं दाखवली आणि शेवटी लेकीच्या लग्नात तिच्या ओटीत घातलं. तिथं माझं फिरणं संपलं. बाईच्या पदराच्या गाठीत रुपया एकदा बसला की तो घरचा माणूस होतो.

ती लेक एके दिवशी मुळे धुऊन टोपात घालत होती. पदराची गाठ सुटली आणि मी सरळ टोपात. तिला पत्ताच नाही. ढवळताना डावाला लागलो तेव्हा तिनं मला बाहेर काढलं, तर मी तव्याच्या बुडासारखा काळा. "कायतरी वंगाळ हाय ह्यात," असं म्हणून तिनं अख्खा टोप माडाच्या आळ्यात ओतला. त्याच ढिगातले मुळे शेजारच्या घरानं खाल्ले होते, आणि त्या घरातली सगळी माणसं पुढचे दोन दिवस तांब्या घेऊन धावत होती. झालं, माझं नाव झालं.

खरं सांगू? मला त्या दिवशी काहीएक कळलं नव्हतं. त्या टोपात थोडे मेलेले, सडलेले, काळ्या चिखलानं भरलेले शिंपले होते. सडक्या चिखलानं चांदी काळी पडते, इतकीच गोष्ट. पण लोक हात जोडायला लागल्यावर "अहो, मला ह्यातलं काही कळत नाही" असं सांगणारा अजून जन्माला यायचाय. मी गप्प बसलो आणि मान घेतला.

त्या बाईची सून म्हणजे आमची आवडाबाई. आता सत्तरी ओलांडली, तरी सुकती लागून खाडीचं पाणी उतरलं की गुडघाभर चिखलात शिरून पायाच्या अंगठ्यानं मुळे हुडकते. सासूनं जाताना मला तिच्या हातात दिलं आणि तिनं माझा थाट आणखी वाढवला. कुणाला रुपया हवा असला तर त्यानं तो वाटीतून हळदकुंकू लावून न्यायचा, आणि परत करताना त्याच वाटीतून शिजलेले मुळे आणायचे. त्याला म्हणायचं "रुपयाचा वाटा". खायची अर्थात आवडाबाई, मला कोण विचारतो. मी परत आलो की ती मला आमसुलाच्या पाण्यानं घासून लख्ख करायची आणि पदरात बांधायची.

"आमचा रुपया कवा खोटां बोलला नाय," असं ती पुलापलीकडच्या मासळीबाजारातसुद्धा सांगायची. ते ऐकलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आता आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा चढायचं हे खरं.

मग आला ह्या वर्षीचा ऑक्टोबर. दसरा झाला, पावसानं काढता पाय घेतला, आणि भाट्याच्या समुद्रावर तांबडे पट्टे दिसायला लागले. कुणी कोकमाच्या आगळाची बरणी लवंडावी तसं पाणी. किनाऱ्याला मेलेले मासे लागले. सगळी वाडी बघायला धावली, मोबाइलवर फोटो निघाले, पोरं पाण्यात उतरून ओरडा खाऊन परत आली. मीही आवडाबाईच्या पदरातून सगळी गंमत बघितली. चार दिवसांत पट्टे गेले, पाणी होतं तसं झालं, आणि लोकांनी तो विषय सोडला.

सोडला नाही तो दिशानं. दिशा आवडाबाईची नात, मासळीचंच शिक्षण घेते. तिच्या कॉलेजातल्या मंडळींनी खाडीतलं पाणी आणि मुळे तपासायला पाठवले होते, आणि त्याचा निकाल यायचा होता. ती स्वतः कॉलेजच्या कामाला दोन दिवस दापोलीला गेली. जाताना "निकाल येईस्तवर मुळे काढू नको हां आजी" असं सांगून गेली, आणि आवडाबाईनं "बरां" म्हटलं. आवडाबाईचं "बरां" म्हणजे ऐकलं एवढंच. ऐकणार असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

कारण त्याच आठवड्यात घरात मोठा आनंद होता. दिशाचा भाऊ मितेश, बोटीवर खलाशी आहे, तो दहा महिन्यांनी घरी आला होता. त्याचं लग्न जुळत होतं. मुलगी वेळणेश्वरची, आणि रविवारी मुलीकडची नऊ माणसं घर बघायला येणार होती. त्यांना काय वाढायचं ह्यावर चर्चा झालीच नाही. आवडाबाईच्या हातचं मुळ्यांचं सुकं खाल्लेल्या माणसानं ह्या घराला आजवर नकार दिलेला नाही, असं तिचं ठाम मत. शनिवारच्या सुकतीला ती स्वतः खाडीत उतरली आणि दोन टोपल्या भरून घरी आली.

रविवारी सकाळी माझी मागणी दोन घरांत होती. आधी आली सावित्री, शेजारच्या धाकूची बायको. तिनंही आदल्या दिवशी मुळे आणले होते. मला वाटीतून नेलं, टोपात टाकलं, काढलं. मी लख्ख. धाकूनं दहाच्या सुमाराला तांदळाच्या भाकरीबरोबर मनसोक्त ताव मारला. सावित्री घरातलं आवरून मागाहून जेवणार होती. तिनं रुपयाचा वाटा वाटीत घालून मला परत आणून दिलं. संध्यानं, म्हणजे दिशा-मितेशच्या आईनं, ती वाटी झाकून फडताळात ठेवली.

अकरा वाजता आमच्या मागच्या पडवीत मोठ्या चुलीवर मोठा टोप चढला. मुळे तडतडायला लागले, आवडाबाईनं मला कपाळाला लावलं आणि आत सोडलं. काय ती ऊब, काय ती धक्काबुक्की! शिंपले फटाफट तोंडं उघडत होते आणि मी त्यांच्यामधून खाली-वर होत होतो. डावानं बाहेर काढलं तर मी घासून ठेवल्यासारखा चकचकीत. आवडाबाईनं मला पानावर दोन्ही अंगांनी फिरवून बघितलं.

"उजळ हाय. संध्या, वाटण घाल."

त्याच वेळी दिशा एस्टीतून उतरून घरी आली. पाठीवरची पिशवी तिनं दारात टाकली आणि वासावरून समजली.

"आजी, मी काय सांगून गेलेली?"

"पाणी कवाच निवळलां गो. तूच जाऊन बघ."

"पाणी निवळलां. मुळ्यांच्या पोटातलां नाय निवळलां." दिशा चुलीपाशी उकिडवी बसली. "ते तांबडां म्हणजे बारीक शेवाळ होतां. मुळे दिवसभर पाणी गाळून खातात, ते सगळां त्यांच्या पोटात साठतां. समुद्र चांगला दिसायला लागला तरी आठवडेच्या आठवडे ऱ्हातां."

"उकळलां की मरतां सगळां."

"शेवाळ मरतां. त्यातलां विष नाय मरत. उकळ, भाज, फ्रीजात ठेव, आमसुलां घाल, काय फरक पडत नाय. वास नाय, चव नाय. कळणार कसां?"

आवडाबाईनं मला चिमटीत धरून तिच्या नाकासमोर नाचवलं. "हा सांगतो. तुझ्या आजोबांच्या आईपासून सांगतो हाय. नऊ माणसां बारा वाजता येणार, त्यांच्यासमोर मी काय तुझ्या पुस्तकाची पानां वाढू?"

संध्या मध्ये उभी, एका हातात वाटणाचं भांडं. सून म्हणून सासूचं ऐकायचं आणि आई म्हणून लेकीचं, अशी तिची पंचाईत. शेवटी ती म्हणाली, "आई, बांगडे हायत ना घरात. ते तळूया."

"बांगडे चालतील," दिशा म्हणाली. "पोट साफ केलेले, आतडी-काळीज काढून टाकलेले. मुळे, कालवां, शिणाणे, ह्या शिंपल्यांना तेवढा हात लावायचा नाय."

"बांगडे रोजच खातात वेळणेश्वरला," आवडाबाई म्हणाली. विषय तिच्याकडून संपला होता.

मग दिशानं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. मितेशसाठी अंडी उकडली होती, ती अजून गरम होती. तिनं एक सोललं, मधोमध कापलं, आजीच्या चिमटीतून मला घेतलं आणि त्या दोन फोडींमध्ये दाबून वर वाटी उपडी घातली. मला, राणीछापाला, अंड्यात! पाव तासानं वाटी उचलली तर मी काळा. नुसता काळा नाही, तांबूस, निळसर, काळा, बघवेना असा.

"आता बोल आजी. कोंबडीनं विषारी अंडां घातलां काय?"

आवडाबाई म्हणाली, "अंडां शिळां असंल."

"सकाळी घातलंय. तूच खुराड्यातनं काढलंस." दिशानं मला उचलून तळहातावर घेतलं. "ह्याला फक्त एक वास कळतो, सडक्या चिखलाचा, अंड्याचा. त्या तांबड्या पाण्यातलां विष ह्याच्या बापाला कळायचां नाय."

अगदी खरं. मी ओरडून सांगितलं असतं, "ऐक तिचं, मला काही कळत नाही, कधीच कळलं नव्हतं." पण रुपयाला बोलता येत नाही आणि आवडाबाईला त्या क्षणी ऐकायचं नव्हतं. तिनं डाव उचलला आणि सुकं ढवळायला लागली. बारा वाजायला दहा मिनिटं होती.

मला तो टोप दिसत होता. त्यात नऊ पाहुण्यांचं जेवण होतं, मितेशचं होतं, संध्याचं होतं, आणि ज्या बाईनं मला आयुष्यभर पदरात सांभाळलं तिचंही होतं. सगळे माझ्या शब्दावर जेवणार होते, आणि मी शब्द दिलाच नव्हता. असा घाम मला टांकसाळीतही फुटला नसेल.

तेवढ्यात कुंपणाचं बेडं, म्हणजे बांबूचं फाटक, सरकवून धाकू आत आला. पाहुण्यांसाठी चार खुर्च्या मागितल्या होत्या, त्या घेऊन. खुर्च्या ठेवल्या आणि ओठांवरून हात फिरवत तो हसला.

"आवडाकाकी, आज चुना जास्त झाला वाटतां. ओठ सुन्न पडलेत माझे."

दिशा गर्रकन वळली. "काका, तंबाखू कवा खाल्लीस?"

धाकूनं आठवून बघितलं. "आज... आज खाल्लीच नाय अजून."

"मग चुना कुठला?"

संध्यानं पाण्याचा पेला पुढे केला, त्यानं धरला, आणि पेला त्याच्या हातातून निसटून खाली पडला. त्यानं बोटांकडे असं बघितलं, जणू ती दुसऱ्या कुणाची असावीत. "मुंग्या येतात हाताला," तो म्हणाला. जीभ जड झाली होती, शब्द नीट फुटत नव्हते.

"मुळे खाल्लेस?"

"सकाळी. भाकरीसंगती. तुमचाच रुपया टाकून."

दिशाच्या तळहातावर मी तेव्हा काळाकुट्ट पडलो होतो, अंड्यामुळे. धाकूच्या टोपातून मात्र मी लख्ख निघालो होतो. आवडाबाईनं माझ्याकडे बघितलं, मग धाकूकडे, मग चुलीवरच्या टोपाकडे. तिला कळलं ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

पुढचं सगळं भराभर झालं. मितेश पुढच्या दारातून धावत आला आणि त्याच्यामागोमाग पाहुण्यांची गाडी अंगणात शिरली. मुलीचा मामा विठू गाडी चालवत होता. उतरायच्या आधीच मितेशनं त्याला सांगितलं काय झालंय ते.

"आदी माणूस घाला गाडीत," विठूमामा म्हणाला. "घर काय, उद्या पण हितंच असंल."

पाहुणे खाली उतरले, बायका भरजरी साड्या सावरत, आणि धाकू आत चढला. सावित्री किंकाळी फोडत आली, तिला दिशानं पहिलं विचारलं ते "तू खाल्लेस काय काकी?" सावित्रीनं मान हलवली. तिनं अजून तोंडात घास घातला नव्हता. दिशानं मला आजीच्या हातात दिलं, फडताळातली रुपयाच्या वाट्याची वाटी डॉक्टरांना दाखवायला आणि तपासायला जशीच्या तशी उचलली, आणि सावित्री-मितेशबरोबर गाडीत बसली. गाडी पुलाकडे सुटली.

अंगणात उरले बाकीचे पाहुणे, संध्या आणि आवडाबाई. मागच्या पडवीतून सुक्याचा असा घमघमाट येत होता की पाहुण्यांतली एक बाई अजाणतेपणी म्हणालीच, "वास काय सुटलाय!"

आवडाबाई आत गेली. पदर खोचला, दोन फडकी घेतली आणि तो टोप एकटीनं उचलला. संध्या मदतीला धावली तर म्हणाली, "तू खड्डा काढ. खोल काढ, कुत्र्यानं उकरता नये." परसात कमरेइतका खड्डा काढला. आयुष्यात पहिल्यांदा आवडाबाईनं आपल्या हातचं अन्न मातीत ओतलं. वरून माती लोटली, मातीवर दगड ठेवले, आणि मग पाहुण्यांसमोर येऊन उभी राहिली.

"मी चुकली," ती म्हणाली. "नात सांगत होती, मी ऐकलां नाय. तुमच्या पानात मी आज काय वाढणार होती ते देवाला ठावां. आता पिठी-भात हाय, तो खावा लागंल."

त्यांनी कुळथाची पिठी आणि भात खाल्ला, तळलेले बांगडे खाल्ले. चारच्या सुमाराला विठूमामा गाडी घेऊन परतला. धाकूचा श्वास मध्येच अडायला लागला होता, त्याला यंत्रावर ठेवलंय, असं सांगून तो जेवायला बसला आणि तीन वेळा पिठी मागून घेतली. जाताना त्यानं आवडाबाईच्या पाया पडून लग्नाची तारीख कधी धरायची ते विचारलं.

डॉक्टर म्हणाले, ह्या विषावर उतारा नाही. श्वास सांभाळायचा, विष आपोआप अंगातून जाईपर्यंत माणूस जगवायचा. ओठाला मुंग्या आल्या तेव्हाच आणलंत म्हणून जमलं. चौथ्या दिवशी धाकू रिक्षातून उतरून स्वतःच्या पायांनी घरात गेला आणि वाडीत दिवाळीआधीच फटाके वाजले. तपासणीचा निकालही त्याच दिवशी आला. मुळ्यांत विष होतं, भरपूर होतं. पुढची सूचना येईपर्यंत खाडीतले शिंपले काढू नयेत, खाऊ नयेत, असा कागद देवळाच्या खांबाला लागला.

मी हुश्श केलं. म्हटलं, चला, आपली नोकरी सुटली.

छे! सकाळीच सावित्री दारात, ताटात हळद, कुंकू, नारळ. "काकी, रुपयाची पूजा करायची. त्यानं माझा नवरा वाचवला."

"त्यानं?" आवडाबाईला कळेना.

"मग! हे दारात आले आणि रुपया काळाठिक्कर पडला. मी माझ्या डोळ्यांनी बघितला, दिशाच्या हातात."

आवडाबाईनं अंड्याची सगळी हकीकत सांगितली. सावित्रीनं ती शांतपणे ऐकून घेतली, मला कुंकू लावलं आणि नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी आणखी तिघी आल्या. मिऱ्या गावातून फोन आला. वेळणेश्वरहूनही आला, तुमचा तो माणूस बघून काळा पडणारा रुपया दोन दिवस मिळेल काय म्हणून. खोटी साक्ष दिली, ती उघडी पडली, आणि साक्षीदाराचा सत्कार! असलं नशीब मी कुठल्याच नाण्याचं ऐकलेलं नाही.

आवडाबाई प्रत्येकीला अंड्याचं सांगत राहिली. अंड्याचं कोण ऐकतो?

आणि आज सकाळी मनिषा आली. पलीकडच्या घरातली तरणी सून, दोन पोरांची आई. तिच्या काखेत टोपली, टोपलीत ताजे मुळे, पाणी निथळतंय.

"काकी, कागद लागलाय ते ठावां हाय मला," ती हळूच म्हणाली. "पण तुमचा रुपया त्या कागदाहून जुना. एकदा टाकून बघते. उजळ निघाला तरच पोरांना वाढीन."

आवडाबाईचा हात पदराच्या गाठीवर गेला आणि तिथंच थांबला. मला आत तिच्या मुठीचा दाब जाणवत होता. "बाय," ती म्हणाली, "हा तुझ्या टोपातनं उजळच निघंल. धाकूच्या पण निघालेला. काळा पडला तो अंड्यानं."

मनिषा हसली. "रुपया द्यायचा नसंल तर तसां सांगा ना काकी. अंड्याचं कशाला सांगताव?"

आवडाबाईनं पुढे वाद घातला नाही. टोपली तिच्या हातातून घेतली, संध्याला ती पुरायला सांगितली, मनिषाच्या हातात सहा बांगडे ठेवले, पायात चपला सरकवल्या आणि हमरस्त्यावर येऊन रिक्षाला हात केला. पूल ओलांडला, बाजार आला, आणि आम्ही गंगाराम सोनाराच्या पेढीवर. तिनं मला त्याच्या गादीवर ठेवलं.

"वितळव."

गंगारामानं मला भिंगाखाली धरलं आणि तो हळहळला. "काकी, असा छाप आता बघायला मिळत नाय. देव्हाऱ्यात ठेवा, नायतर दिशाच्या लग्नात द्या."

"देव्हाऱ्यात ठेवला तर जास्तच मानतील. दिशाला दिला तर दिशाकडे मागायला येतील. मी काय जल्माला पुरणार हाय? मी गेल्यावर कोणतरी टोपात टाकील ह्याला."

"बरां, करू काय ह्याचां? वाळे? जोडवी? पैंजण?"

"काय पण कर. राणीचां तोंड दिसता नये."

तर मी आता इथं, मुशीच्या कडेला पडलोय, आणि खरंच सांगतो, मला आनंद झालाय. भीती वाटत नाही असं नाही. सव्वाशे वर्षांचा चेहरा जाणार, साल जाणार. पण कुणाच्या पोरांचं जेवण आता माझ्या तोंडाकडे बघून ठरणार नाही, ह्या एका गोष्टीनं माझी चांदी हलकी झालीय. मूस लाल होतेय. मन म्हणतंय, लवकर, लवकर.

जाता जाता तुमच्याकडे एकच मागणं. समुद्राचं पाणी तांबडं, हिरवं, काहीतरी वेगळं दिसलं, किनाऱ्याला मासे मरून लागले, तर शिंपले खायच्या आधी तपासणीचा निकाल विचारा. पाणी निवळलं तरी विचारा. मेलेले मासे उचलू नका. आणि खाल्ल्यावर ओठाला मुंग्या आल्या तर चुन्याला दोष देत बसू नका, गाडी काढा. तुमच्याही घरात माझ्यासारखा कुणी असेल. रुपया नसेल, लसणीची पाकळी असेल, आजीचं नाक असेल, "आमच्यात कधी काही झालं नाही" असं म्हणणारं एखादं तोंड असेल. त्याचा मान ठेवा, पण पोरांना वाढायचं की नाही हे त्याला विचारू नका.

गंगारामानं मला चिमट्यात धरलंय. तो म्हणतोय, "काकी, ह्याला वेळ लागंल. तुमी घरी जावा, मी सांजच्याला पोरासंगती पाठवतो."

आवडाबाई पाटावरून हललीसुद्धा नाही.

"नाय," ती म्हणाली. "तो वितळलेला बघूनच जाईन. तुझ्या घरात पण मुळे खातात."